स्थळं

पर्वरीच्या फ्लॅटला दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
चोडणच्या घराला सात खोल्या आणि वर माळा.
वजाबाकी मी केली. अक्काला म्हटलं,
भंगारवाल्याला बोलावू, एका टेंपोत सुटू.

अक्का म्हणाली, वस्तू काय रस्त्यावर पडल्यात?
चांगली घरं बघून देऊ एकेकीला.

मग तिने शाळेतून उरलेली हजेरीवही काढली.
डावीकडे नाव, मध्ये दोष, उजवीकडे स्थळ.
दोष लपवायचे नाहीत, हा तिचा नियम.
पितळी भाण: बुडाला डाग दिलेला. उचलायला दोन माणसं.
शिवणयंत्र: पावसाळ्यात कुरकुरतं.
लाकडी पाट, अकरा: बारावा गैरहजर.

संध्याकाळी बलकांवात मुलाखती.
भाण बघायला सगुण आला, फेरीबोटीवरचा खलाशी.
न्हाणीत चूल आहे की गिझर?
गिझर म्हणताच त्याला चहा मिळाला आणि नकार.
भाण शेवटी आगुस्तीन पोदेराकडे गेलं.
त्याच्या आईचे गुडघे आखडतात,
आणि भट्टीमुळे घरात जळण असतंच.

शिवणयंत्र यल्लव्वाच्या थोरलीला.
मी कुजबुजले, अगं, गदगची माणसं, भाड्याची खोली,
उद्या सोडून जातील.
जाऊ देत, अक्का म्हणाली, बरोबर नेतील.
आपण नाही का सोडत?

मी दाराआड उभी राहून ऐकत होते.
याच बाकावर बसून माणसं
आम्हालाही विचारायची: गाता येतं का,
चश्मा कधीपासून.
माझा दोष उंची. अक्काचा, पगार.
कुणी वहीत लिहिला नव्हता, तरी
नदी ओलांडून पोचायचा
आमच्या फेरीबोटीच्या आधी.

माळ्यावरच्या ट्रंकेला कुलूप नव्हतं, गंज होता.
आत चोवीस ताटं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
प्रत्येकात मधोमध, टिंबाटिंबांनी ठोकलेलं:
सौ. सुनेत्रा यशवंत कारापूरकर
५-५-८१

सुनेत्रा कोणीच नाही.
ते नाव त्यांच्याकडून चिठ्ठीवर आलं होतं,
बाबांनी म्हापशाच्या भांडीवाल्याकडे नेलं,
त्याने चोवीसदा उतरवलं.
मग एप्रिलात दुसरी चिठ्ठी आली.

अक्काने ताटं मोजली. वही उघडली.
दोषाच्या रकान्यात पेन इतका वेळ टेकून राहिलं
की निळा ठिपका पसरला.
मग तिने लिहिलं: नाव आहे.

ताटं बघायला बचत गटाच्या बायका आल्या,
बारशांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात त्या.
घासून काढू हो नाव, त्यांची शर्मिला म्हणाली,
मशीन असतं आता.
कशाला? अक्का म्हणाली. ताट पातळ होईल.
स्थळ पसंत.

जायच्या आधीच्या रविवारी
गटाने आम्हाला जेवायला बोलावलं, देवळाच्या मांडवात.
भात, खतखतं, सोलकढी.
अक्काने भात बरोबर नावावर घेतला.
मी माझ्या ताटात बघायचं टाळत होते,
कालवत होते, नुसतंच कालवत होते.

ती मात्र सावकाश जेवली.
आधी तारीख उघडी पडली, मग कारापूरकर,
मग हळूहळू ती बाई, जी कोणीच नव्हती.
अक्काने बोटाने शेवटचं शीत बाजूला सारलं,
चश्मा नाकावर सरकवला,
आणि चौथीच्या वह्या तपासायची तशी मान तिरकी करून म्हणाली,
'त्र' बघ किती सुरेख काढलाय.
टिंबांनी काढणं सोपं नाही.

वाढणारी परत आली
तेव्हा तिने ताटावर हात आडवा धरला नाही.
आणखी भात घेतला.